काचेतले हात : वेल्समधील चर्चच्या आधुनिक खिडक्यांविषयी

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण प्रतिमा आणि प्रतीक यांतला भेद तत्त्वज्ञानाच्या अंगानं पाहिला. आज व्याख्या बाजूला ठेवू आणि वस्तूंकडे वळू. वस्तू आहेत काचेच्या, आणि त्या आहेत वेल्समधल्या. इंग्लंडच्या पश्चिमेला चिकटलेला हा डोंगराळ देश, स्वतःची स्वतंत्र भाषा असलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या चर्चमध्ये बायबलमधल्या प्रसंगांच्या ज्या रंगीत खिडक्या बसल्या, त्यांतल्या थोड्यांविषयी आम्ही बोलणार आहोत. थोड्याच, कारण पुष्कळ खिडक्यांविषयी बोलण्यासारखं फारसं नाही. का नाही, तेही ओघानं येईलच.

आधी आपला स्वतःचा डोळा कशावर तयार झालाय ते बघा. कुलाब्याचं अफगाण चर्च आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. १८५८ साली ते उपासनेसाठी खुलं झालं. तिथल्या रंगीत खिडक्या इंग्लंडात न्यूकॅसलच्या कारखान्यात तयार होऊन आल्या. त्या काळी अशा कारखान्यांचा माल साम्राज्यभर जायचा. मुंबईत यायचा तसा वेल्सच्या खेड्यापाड्यांतही. गोरा, सोनेरी दाढीचा येशू, गुडघे टेकलेल्या स्त्रिया, मागे दगडी कमानी, खाली कुणा दिवंगताचं नाव. सुरेख काम असतं, त्याबद्दल वाद नाही. पण गोष्टीच्या पुस्तकातलं रंगीत पान उभं धरून मागे दिवा लावावा, तसं ते दिसतं. आपण रंगीत खिडकी म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येते ती ही. आजच्या खिडक्या समजून घ्यायच्या तर हे चित्र थोडा वेळ पुसावं लागेल.

वेल्सची गोष्ट जरा वेगळी आहे. तो शब्दाचा देश. १५८८ साली बिशप विल्यम मॉर्गन यांनी संपूर्ण बायबल वेल्श भाषेत आणलं, आणि ती भाषा पुढे टिकली त्याचं मोठं श्रेय ह्या एका पुस्तकाला दिलं जातं. अठराव्या शतकात ग्रिफिथ जोन्स नावाच्या पाद्र्यानं फिरत्या शाळा काढल्या. शिक्षक गावात यायचा, काही महिने राहायचा, लोकांना वाचायला शिकवायचा आणि पुढच्या गावी जायचा. वाचायचं काय, तर बायबल. १८०० साली मेरी जोन्स ही विणकराची मुलगी वेल्श बायबल विकत घ्यायला डोंगरातून चालत बालापर्यंत गेली, पंचवीसेक मैल. तिची गोष्ट तिथं घराघरांत सांगतात. बायबल सोसायटी १८०४ मध्ये निघाली तिच्या स्थापनेशी ही गोष्ट जोडलेली आहे. त्याच संस्थेच्या मुंबईतल्या शाखेनं पुढे मराठी बायबलच्या कामाला हातभार लावला, म्हणजे त्या मुलीच्या चालण्याचा एक धागा आपल्यापर्यंतही येतो. असो.

शब्दावर एवढी भिस्त असलेल्या समाजाचा चित्रावर विश्वास कसा बसावा? एकोणिसाव्या शतकात वेल्समधले बहुसंख्य उपासक प्रस्थापित चर्चमधून बाहेर पडून बाप्टिस्ट, मेथडिस्ट, इंडिपेंडंट अशा पंथांत गेलेले होते. त्यांची उपासनागृहं म्हणजे चॅपल. चॅपलमध्ये मधोमध मूर्ती नाही, वेदीचा थाटमाट नाही. मधोमध उंच व्यासपीठ, म्हणजे बोलणाऱ्याची जागा. खिडक्यांना साधी पांढरी काच, फार तर कडेनं रंगीत पट्टी. उजेड कशासाठी, तर पुस्तक वाचता यावं म्हणून. आपल्याकडे सगुण-निर्गुणाचा वाद भजनात मिटवता येतो, एकच संत दोन्ही बाजूंनी गाऊ शकतो. तिथं तो वाद इमारतींमध्ये उभा राहिला. एका रस्त्याच्या ह्या बाजूला रंगीत काचांचं चर्च, त्या बाजूला पांढऱ्या काचांचं चॅपल. १९२० साली वेल्समधल्या चर्चचा राजाश्रय काढून घेतला गेला तो ह्याच चॅपलवाल्या बहुसंख्येच्या दबावामुळे.

रंगीत काच ही निरक्षरांची पोथी होती, असं एक वाक्य पाठ्यपुस्तकांत हमखास सापडतं. परीक्षेत आम्ही ते किती वेळा वाचलं असेल त्याला गणती नाही. मध्ययुगासाठीसुद्धा ते अर्धंच खरं आहे. तीस-चाळीस फूट उंचीवरच्या खिडकीतली बारीक चित्रं खालून कोण वाचणार? वेल्सच्या बाबतीत तर ते उलटंच करावं लागतं. तिथं आधी लोक वाचायला शिकले, आणि चित्रं बहुतेक ठिकाणी मागाहून परत आली. सोळाव्या-सतराव्या शतकांत जुनी काच बरीचशी फुटली, काढली गेली. लानरायडरच्या चर्चमधली १५३३ सालची खिडकी वाचली ती अपवाद म्हणून. (वेल्श नावांच्या सुरुवातीचा दोन ‘एल’चा तो उच्चार आमच्या जिभेला झेपत नाही, तेव्हा तेवढी सवलत द्या.) त्या खिडकीत इशाय आडवा पडलाय, त्याच्या देहातून वेल उगवलीय, आणि वेलीच्या फांद्याफांद्यांवर राजे बसलेत, अगदी वर मरिया आणि बाळ. यादवी युद्धात ही काच ओकच्या पेटीत घालून पुरून ठेवली होती, असं तिथं परंपरेनं सांगतात.

तेव्हा वेल्समधला आधुनिक काचकार कुणासाठी काम करतोय? ज्याला गोष्ट तोंडपाठ आहे त्याच्यासाठी. अध्याय-वचनासकट पाठ. अशा माणसाला गोष्ट परत सांगून उपयोग नाही. त्याला त्या गोष्टीपाशी थांबवायचं कसं, हा काचकाराचा प्रश्न. आमच्या मते ज्या खिडक्यांना हा प्रश्न कळला त्या टिकल्या, बाकीच्या सजावट झाल्या.

आता थोडं कारागिरीबद्दल, कारण त्याशिवाय पुढचा मुद्दा पटणार नाही. रंगीत काच म्हणजे काचेवर काढलेलं चित्र, असा समज असतो. खरं तर रंग काचेच्या आतच असतो. काच वितळलेली असतानाच धातूंची संयुगं घालून ती निळी, लाल, हिरवी केलेली असते. मग तुकडे कापायचे आणि शिशाच्या पट्ट्यांत बसवायचे. चित्रातली मुख्य रेघ म्हणजे ही शिशाची पट्टी. प्रकाशासमोर ती काळीभोर दिसते. ह्याहून बारीक काही हवं असेल, डोळे, ओठ, केस, तर लोखंडाच्या संयुगाचा तपकिरी रंग कुंच्यानं लावायचा आणि भट्टीत साधारण साडेसहाशे अंशांवर भाजून पक्का करायचा.

म्हणजे बघा, काचेच्या स्वतःच्या दोनच गोष्टी: रंगीत उजेड आणि काळी रेघ. कुंचला हा बाहेरून आलेला पाहुणा. आता असा विचार करा की नुसत्या शिशाच्या रेघेत काय काढता येईल? हात काढता येईल. उघडा पंजा, पुढे केलेला हात, मोडलेली भाकर धरलेली बोटं. नुसत्या बाह्यरेषेनं हात बोलतो. चेहरा मात्र बाह्यरेषेत बोलत नाही. तो अंडाकृती तुकडा होऊन बसतो, त्याला कुंचला लागतोच. म्हणून खिडकी जितकी चेहऱ्याच्या मागे लागते तितकी ती काच कमी आणि कागद जास्त होते. एकोणिसाव्या शतकातल्या कारखान्यांनी सगळी करामत चेहऱ्यावर खर्च केली. उत्तम आधुनिक खिडक्या चेहऱ्यावरचा भार कमी करून हातावर टाकतात. हा आमचा आजचा मुद्दा. दोन खिडक्यांवर तो घासून पाहू.

पहिली लँडाफ कॅथीड्रलमधली. लँडाफ म्हणजे आता कार्डिफ शहराचाच भाग. २ जानेवारी १९४१ च्या रात्री जर्मन विमानानं टाकलेला पॅराशूटचा सुरुंग कॅथीड्रलच्या लगत फुटला. छप्पर गेलं, खिडक्या गेल्या. ब्रिटनमधल्या कॅथीड्रलांत कॉव्हेन्ट्रीच्या खालोखाल हानी झाली ती ह्याची. पुनर्बांधणी जॉर्ज पेस ह्या वास्तुविशारदानं केली. मधल्या दालनात त्यानं काँक्रीटची भलीथोरली कमान घातली आणि तिच्यावर जेकब एपस्टाइनचा अॅल्युमिनियममधला ‘माजेस्टास’, वैभवातला ख्रिस्त, चढवला. १९५७ चं काम. अनेकांना तो आवडला नाही, अजूनही आवडत नाही. आमचं मत वेगळं आहे, पण आज विषय काचेचा. त्या कमानीपलीकडे पूर्वेला, जुन्या नॉर्मन कमानीच्या वर, जॉन पायपर यांनी आराखडा केलेली आणि पॅट्रिक रेन्टियन्स यांनी घडवलेली खिडकी आहे. विषय, अम्माऊसचं भोजन.

पायपर हा इंग्रज चित्रकार, पण वेल्सच्या डोंगरांवर जीव असलेला. १९४० च्या नोव्हेंबरात कॉव्हेन्ट्रीचं कॅथीड्रल जळालं, तेव्हा दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन ते रंगवणारा युद्धचित्रकार तोच. म्हणजे बॉम्बनं खिडक्यांचं काय होतं हे पाहिलेला माणूस बॉम्बनं गेलेल्या खिडकीच्या जागी नवी खिडकी करतोय. रेन्टियन्सबरोबरची त्याची भागीदारी नुकती सुरू झाली होती. औंडल शाळेच्या प्रार्थनागृहातल्या त्यांच्या पहिल्या खिडक्या १९५६ मधल्या, आणि कॉव्हेन्ट्रीच्या नव्या कॅथीड्रलातली मोठी भिंत पुढे १९६२ मधली. ह्या जोडीत कामाची वाटणी पाहण्यासारखी आहे. पायपर रंगांत आराखडा द्यायचा. त्याचं काचेत रूपांतर करताना कुठली काच, शिसं कुठून फिरवायचं, आम्लानं रंग कुठे उतरवायचा, हे रेन्टियन्स ठरवायचा. आमच्या मते हे एका चित्राचं दोघांनी केलेलं वाचन आहे. वाद्यवृंदाला स्वरलिपी दिली म्हणून संगीत झालं असं होत नाही, तसंच.

आता प्रसंग आठवा. लूककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात तो येतो. येशूला क्रुसावर दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी दोन शिष्य यरुशलेमेहून अम्माऊस गावी चाललेत. एकाचं नाव क्लयपा. वाटेत एक परका माणूस त्यांना येऊन मिळतो. ते त्याला झालेली हकिकत सांगतात, तो त्यांना मोशेपासून पुढच्या सगळ्या शास्त्राचा अर्थ उलगडून दाखवतो. मैलोन् मैल प्रवचन चाललंय, आणि प्रवचन करणारा कोण हे त्यांना ओळखू येत नाही. संध्याकाळ होते, ते त्याला आग्रहानं ठेवून घेतात. जेवायला बसल्यावर तो भाकर घेतो, आशीर्वाद देतो, मोडतो, त्यांना देतो. आणि त्या क्षणी ते त्याला ओळखतात. ओळखलं की तो दिसेनासा होतो.

हा प्रसंग नीट वाचला तर वेल्ससाठी तो किती धारदार आहे ते लक्षात येईल. शास्त्राचं सर्वोत्तम निरूपण, तेही खुद्द गुरूच्या तोंडून, आणि तरी डोळे उघडले नाहीत. मनात काही पेटलं होतं हे त्यांनाही नंतर आठवतं, नाही असं नाही. पण ओळख पटली ती हातांच्या एका हालचालीनं. शब्दानं वाट दाखवली, दार उघडलं ते भाकर मोडणाऱ्या हातांनी. शब्दाच्या देशात, बॉम्बनं उघड्या पडलेल्या पूर्व भिंतीवर, हाच प्रसंग यावा, ही आम्हांला फार मोठी गोष्ट वाटते. पायपरनं असा विचार करून तो निवडला असं आमचं म्हणणं नाही. खिडकी काय करते एवढंच आम्ही सांगतोय.

शिवाय हा प्रसंग काचेच्या स्वभावाचाच आहे. ओळखताक्षणी दिसेनासा होणारा माणूस दगडात कसा करणार? तो तिथंच बसून राहील. तैलचित्रातही राहील. काचेत तो खरोखर जातो. संध्याकाळ झाली की पूर्वेची खिडकी आतून काळी होते. शिशाची जाळी तेवढी उरते. आम्ही पहिल्यांदा तिथं गेलो ते भर दुपारी, तेव्हा खिडकी बरीचशी गप्प होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परत जावं लागलं. ह्यात तक्रार नाही. जी कलाकृती दिवसातला ठरावीक वेळ मागते, ती त्या वेळी यायला लावते, आणि असं यायला लावणं हेच उपासनेचं निम्मं काम असतं. इथं येशूचं व्यक्तिचित्र शोधायला जाल तर निराश व्हाल. मोठ्या रंगीत आकारांत, मेजाभोवती, एक कृती चाललीय. ती कृती पाहायची.

ह्याउलट बाकीच्या पुष्कळशा खिडक्या. स्वॉन्सीच्या कला विद्यालयात १९३० च्या दशकात काचकामाचं शिक्षण सुरू झालं आणि त्या शहराचं नाव काचेच्या जगात झालं. तिथल्याच हॉवर्ड मार्टिन आणि ह्युबर्ट थॉमस यांच्या सेल्टिक स्टुडिओजनं युद्धानंतर वेल्सभर खिडक्या केल्या, कॅनडातल्या चर्चनाही पाठवल्या. रेखाटन ठसठशीत, रंगांची जाण पक्की. पण गिऱ्हाईक कोण, तर आपल्या माणसाच्या आठवणीसाठी पैसे देणारं कुटुंब. सैनिक असेल तर दयाळू शोमरोनी, डॉक्टर असेल तर रोग्याला बरं करणारा येशू, लहान मूल गेलं असेल तर मुलांना जवळ बोलावणारा येशू. दुःख खरं आहे, त्याची थट्टा करायची नाही. पण प्रसंग दुःखाच्या मापानं कापला की प्रसंगातला काटा निघून जातो. शोमरोन्याची गोष्ट ऐकणाऱ्याला बोचावी म्हणून सांगितलेली आहे. तुम्ही ज्याला तुच्छ मानता तोच शेजारी ठरला, असं ती सांगते. स्मारक खिडकीत तो शोमरोनी म्हणजे आमचे अण्णा होतात, आणि बोचायचं राहून जातं.

दुसरा प्रकार अलीकडचा. इसवी सन २००० च्या निमित्तानं ब्रिटनभर खिडक्या बसवल्या गेल्या, वेल्समध्येही. वळत जाणारी निळी नदी, वर कबुतर, कोपऱ्यात गव्हाची ओंबी, इंद्रधनुष्य. कुणाचीच हरकत येऊ नये अशी पक्की व्यवस्था. बायबलमधला पवित्र आत्मा वादळासारखा येतो, जिभांसारख्या ज्वाळा होऊन येतो. इथं तो शुभेच्छापत्रावर बसतो. काचेच्या तंत्रात ह्या खिडक्या कित्येकदा पायपरच्या पुढे आहेत, हे खेदानं सांगावंसं वाटतं. स्वॉन्सीत शिकलेल्या कलावंतांची चांगली ताकद आज इस्पितळं, कचेऱ्या, नाट्यगृहं इथं खर्च होते, आणि तिथली कामं अनेकदा चर्चमधल्या कामांपेक्षा जास्त धीट असतात. का, ह्याचा विचार चर्चनंच करावा.

आता दुसरी खिडकी. ही वेल्समध्ये घडली, पण वेल्समध्ये नाही. तरी हिच्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

१५ सप्टेंबर १९६३, रविवार. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं बर्मिंगहॅम. सिक्स्टीन्थ स्ट्रीट बाप्टिस्ट चर्च हे तिथल्या काळ्या लोकांचं चर्च, नागरी हक्कांच्या चळवळीचं ठिकाण. वर्णद्वेष्ट्यांनी पायऱ्यांखाली ठेवलेला बॉम्ब सकाळी फुटला. अॅडी मे कॉलिन्स, सिंथिया वेस्ली, कॅरोल रॉबर्टसन ह्या चौदा वर्षांच्या तिघी आणि डेनिस मॅकनेअर ही अकरा वर्षांची, अशा चार मुली गेल्या. चर्चमध्ये रंगीत खिडक्या होत्या. त्यांतली एक जागेवर उभी राहिली, फक्त तिच्यातल्या येशूचा चेहरा तेवढा उडाला. त्याची छायाचित्रं जगभर गेली.

वेल्समध्ये कारमार्थनशायरमधल्या लानस्टेफन गावी जॉन पेट्स नावाचा काचकार राहत होता. लंडनला जन्मलेला, पण आयुष्य वेल्सला दिलेला. युद्धात शस्त्र हाती घ्यायला त्यानं नकार दिला होता. बातमी ऐकून त्यानं कार्डिफच्या ‘वेस्टर्न मेल’ ह्या दैनिकाचे संपादक डेव्हिड कोल यांना गाठलं. आपण खिडकी करून देतो, म्हणाला. दैनिकानं वर्गणी सुरू केली, आणि तिला एक अट होती: कुणीही अर्ध्या क्राउनपेक्षा जास्त द्यायचं नाही. म्हणजे अडीच शिलिंग, पौंडाचा आठवा हिस्सा. कुणा एका धनिकाची देणगी होऊ नये, वेल्सच्या लोकांची व्हावी. सुमारे नऊशे पौंड जमले. हिशेब करा, किमान सात हजारांवर माणसांनी दिल्याशिवाय एवढी रक्कम होत नाही. १९६५ साली खिडकी तिथं बसली. तिला आजही वेल्स विंडो म्हणतात.

निळ्या रंगात हात पसरलेला काळा ख्रिस्त. वर इंद्रधनुष्याची कमान. इंद्रधनुष्य आहे, पण शुभेच्छापत्रातलं नाही हे पाहताक्षणी कळतं. मान खाली कललेली. चेहरा आपल्याला जवळजवळ मिळत नाही. ज्या चर्चमध्ये चेहरा उडवला गेला होता तिथं पेट्सनं चेहरा परत बसवण्याचा मोह टाळला. सगळं बोलणं हातांकडे दिलं. दोन्ही हात मोठे, शरीराच्या मानानं जास्तच मोठे. उजवा हात ढकलतो: द्वेष, अन्याय, त्यांना मागे सारतो. डावा हात देऊ करतो, क्षमा. त्या वर्षीच्या मे महिन्यात ह्याच शहरात निदर्शकांवर पोलिसांनी कुत्री सोडली होती, पाण्याचे जबर झोत मारले होते. त्या झोतासमोर भिंतीला रेटले गेलेले देह छायाचित्रांत आहेत. ही आकृती बघताना ते आठवल्यावाचून राहत नाही. खाली मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायाकडे बोट दाखवणारे मोजकेच शब्द आहेत. भुकेल्याशी, तहानेल्याशी, तुरुंगातल्याशी जे वागलात ते माझ्याशीच वागलात, अशा आशयाचा तो भाग. शब्दाचा देश आपली सही करायला विसरला नाही.

आता टीकाकाराचं काम. ह्या खिडकीवर घेण्यासारखा एक आक्षेप आहे आणि तो हलका नाही. गोऱ्या देशानं काळ्या समाजाला भेट पाठवली, आणि त्या भेटीत काळा माणूस कोण, तर क्रुसावरचा, सोसणारा. त्याच्या वाट्याला परत सोसणंच का? देणाऱ्याला ही प्रतिमा सोयीची असते, कारण सोसणारा माणूस देणाऱ्याकडे हिशेब मागत नाही. आणि वेल्सकडे मागण्यासारखा हिशेब होता. उत्तर वेल्समधल्या पेन्रिन घराण्यानं जमैकात गुलामांच्या श्रमावर उसाचे मळे चालवले आणि त्या पैशातून बेथेस्डाची स्लेट दगडाची प्रचंड खाण वाढवली. पेट्स तरुणपणी ह्याच भागात राहिलेला, तिथंच त्यानं छोटं छापखान्याचं काम केलेलं. १९६३ च्या वर्गणीत ही आठवण कुठे दिसत नाही.

आक्षेप मान्य करूनही आम्ही खिडकीच्या बाजूनं उभे राहू, आणि ते त्या उजव्या हातामुळे. तो सोसत नाही. तो रोखतो. परंपरेनं क्रुसावरच्या ख्रिस्ताचे हात खिळलेले असतात, त्यांना करण्यासारखं काही उरलेलं नसतं. पेट्सनं क्रुसाची ठेवण ठेवली आणि हात मोकळे केले. डाव्या हातानं क्षमा द्यायची ती उजव्या हातानं अन्याय थांबवून, दोन्ही एकाच देहात, एकाच वेळी. नुसती क्षमा असती तर ती खिडकी देणाऱ्यांच्या समाधानाची झाली असती. नुसता विरोध असता तर पोस्टर झालं असतं. अशी ओढाताण शब्दांत मांडायला आम्हांला दोन वाक्यं लागली, आणि दोन वाक्यं म्हटली की एक आधी आणि एक नंतर येणारच. काचेत दोन्ही हात एकदमच दिसतात. शब्दाला हे जमत नाही, निदान सहज जमत नाही. खिडकी कुठे आहे तेही पाहा. मागच्या गॅलरीवर, दर्शनी प्रवेशाच्या बाजूला. लोक व्यासपीठाकडे तोंड करून बसलेले असतात तेव्हा ती त्यांच्या पाठीशी असते. तिच्यासमोर उभा असतो तो बोलणारा.

एक मोठा प्रश्न उरतो. हे सगळं गोष्ट माहीत असलेल्या माणसासाठी, असं आम्ही सुरुवातीला म्हटलं. तो माणूस आता वेल्समध्येच कमी होत चाललाय. २०२१ च्या जनगणनेत ४६.५ टक्के लोकांनी कुठलाच धर्म नाही असं लिहिलं, ख्रिस्ती असल्याचं ४३.६ टक्क्यांनी. चॅपलं बंद पडताहेत, काहींची घरं झाली, काहींची दुकानं. चर्चही बंद होतात. बंद इमारतीतली खिडकी काढून संग्रहालयात मागे विजेचा दिवा लावून ठेवता येते, आणि काही वाचवायच्या म्हणजे तेच करावं लागेल, आमचा विरोध नाही. पण दिवा संध्याकाळ आणत नाही. अम्माऊसचा माणूस तिथं दिसेनासा होणार नाही. चोवीस तास जेवत बसेल.

आणि गोष्टच माहीत नसलेला पाहणारा? आपण इथं बसलोय ना, आपल्यापैकी बहुतेक तसेच आहोत. आता पडद्यावर पेट्सची खिडकी आली तेव्हा मत्तयाचा अध्याय माहीत नसलेल्यांनीही उजवा हात वाचला. सभागृहात जी शांतता झाली ती आम्ही ऐकली. म्हणून आम्ही हातांवर इतका वेळ खर्च केला.

एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, “येशूला काळा दाखवणं हा इतिहासाशी अप्रामाणिकपणा नाही का?” चांगला प्रश्न आहे. येशू पॅलेस्टाइनमधला यहुदी होता. सोनेरी दाढीचा तर तो खासच नव्हता, आणि तसा तो कुलाब्यापासून कार्डिफपर्यंत शंभर-दीडशे वर्षं काचेत उभा आहे. तेव्हा अशी चिठ्ठी कुणी पाठवल्याचं आमच्या ऐकिवात नाही. पण तेवढ्यावर उत्तर संपत नाही. पेट्स काही येशू असा दिसत होता असं म्हणत नाहीये. खाली ज्या अध्यायाकडे त्यानं बोट दाखवलंय त्यात येशूच सांगतो की तो कुठे सापडेल. तुम्ही ज्याला मारलंत त्याच्या जागी. १९६३ च्या सप्टेंबरात, त्या शहरात, त्या पायऱ्यांपाशी त्याचा रंग कुठला असायला हवा होता, ते चिठ्ठी लिहिणाऱ्यांनीच सांगावं. वेळ संपली आहे, बाकीच्या चिठ्ठ्या पुढच्या वेळी घेऊ.